सिंधुबाईंचा हातगुण

शाळेच्या पटांगणात बोरची गाडी शिरली तेव्हा सिंधुबाई नववीच्या मुलींना ध्वनीचा पाठ शिकवत होत्या. गाडीचा आवाज असा, की पुढे ध्वनीबद्दल काही सांगण्यात अर्थ उरला नाही. मुली बाकांवर चढून खिडकीतून बघायला लागल्या. बाईंनी त्यांना दटावलं नाही. गाडी कुठे वळते ते त्यांनाही बघायचं होतं.

गाडी ओढ्याच्या बाजूला वळली नाही. सरळ आली आणि झेंड्याच्या खांबापाशी थांबली.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं आणि पावसाने दोन वर्षं पाठ फिरवली होती. गावात नवी कार्यालयं उघडत होती, नव्या वसाहतींच्या पाट्या लागत होत्या, कुणी ना कुणी साहेब येऊन कशाचं तरी उद्घाटन करून जात होता. नळाला तेवढं पाणी नव्हतं. मुलींच्या या शाळेत टँकर यायचा, तोही त्याची लहर लागली तर. संडासाला कुलूप घातलं होतं. दुपारच्या सुट्टीत मोठ्या वर्गांच्या मुली घरी जायच्या त्या परत यायच्या नाहीत. काही जणी सकाळीही येईनाशा झाल्या. मुलगी वयात आली की तिला घरी बसवायला ज्या बापांना निमित्तच हवं असतं, त्यांना दुष्काळाने ते घरपोच आणून दिलं होतं. नववीचा वर्ग दिवाळीनंतर निम्म्यावर आला होता. संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे अण्णांनी, बैठकीत सांगून टाकलं होतं: एक बोर घेऊ. पाणी लागलं तर शाळा दिवसभर. नाही लागलं तर आठवी ते दहावी बंद, पुढचं पाऊस पडल्यावर बघू.

म्हणून सिंधुबाईंनी हिवाळ्यातच मुख्याध्यापकांना मागच्या कुंपणापर्यंत चालवत नेऊन जागा दाखवली होती. शाळेमागचा ओढा एरवी सापासारखा वळत येतो. कुंपणाच्या मागे मात्र तो एकाएकी फुटपट्टीने आखल्यासारखा सरळ जातो, आणि त्याच रेषेत पलीकडच्या शेतातली जुनी विहीर आहे. वाहतं पाणी उगाच सरळ जात नाही. खाली काळ्या खडकाला भेग असेल तरच जातं, आणि आपल्या भागात खडकातलं पाणी सापडायचं तर अशा भेगेतच. हे सगळं त्यांनी काठीने मातीत रेघा ओढून समजावलं होतं. मुख्याध्यापक मान डोलवत होते. "अण्णांच्या कानावर घालतो," म्हणाले होते.

आता तेच मुख्याध्यापक हातात ताट घेऊन वर्गाच्या दाराशी आले. ताटात हळदकुंकू, उदबत्ती, खण आणि नारळ.

"बाई, जरा खाली चला. अण्णा बोलावताहेत."

"जागेचं विचारायला?"

"जागा झाली की. पंढरीमामांनी सकाळीच काढली. खांबापाशी तळहातावरचा नारळ ताडकन उभा राहिला. मी डोळ्यांनी पाहिलं. आता पूजेला सवाष्ण पाहिजे."

"सर, मी ओढ्याकडची जागा दाखवली होती."

"घातली होती कानावर. अण्णा म्हणाले, मागं कुठं कोपऱ्यात? पुढच्या महिन्यात कलेक्टरसाहेब यायचेत. हापसा समोर दिसला पाहिजे."

"हापसा दिसायला पाहिजे की पाण्याला लागायला पाहिजे?"

"बाई, गाडी उभी आहे हो."

प्रयोगशाळेतली मदतनीस पंचशीला रिकामी बादली घेऊन व्हरांड्यातून चालली होती. सिंधुबाई म्हणाल्या, "पंचशीलाचंही लग्न झालंय. तिला घ्या."

मुख्याध्यापकांनी ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "त्यांच्यात हे चालत नाही."

"चालत न्हाई हे खरं हाय सर," पंचशीला चालता चालताच म्हणाली, "पण तुम्ही इचारलं बी न्हाई."

खांबापाशी अण्णा खुर्ची टाकून बसले होते. पंढरी पाणाड्या धोतराचा सोगा सावरत बाजूला उभा होता. त्याने चुन्याने आखलेला गोल उन्हात चमकत होता. "या बाई," अण्णा म्हणाले, "सायन्सच्या बाईंच्या हातूनच होऊ द्या. म्हणजे उद्या कुणी अंधश्रद्धा म्हणायला नको."

सगळे हसले. सिंधुबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता बोलायचं, इथेच, या सगळ्यांसमोर, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी तोंड उघडलं आणि सगळे एकदम गप्प झाले. अण्णा शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिले. मुख्याध्यापक ताटाकडे. बोरवाली तामीळ माणसं विडी विझवून वाट बघत होती. वरच्या खिडक्यांतून मुली बघत होत्या. कुणीही त्यांना पूजा करा असं पुन्हा म्हटलं नाही. आणि त्या शांततेत सिंधुबाईंनी ताट घेतलं, खाली बसल्या, हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ फोडला.

ती शांतता त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

बहात्तरच्या दुष्काळात त्या नांदेडला बी. एस्सी. झाल्या. विषय भूगर्भशास्त्र. वर्गात मुलगी त्या एकट्याच. त्यांचे सर मुलांना घेऊन आटलेल्या विहिरींत उतरायचे. दोराला धरून सिंधूही उतरायची. खडकाच्या थरावर थर, मधेच लाल मातीची वीतभर पट्टी. सर म्हणायचे, दगड जिभेला लावून बघा, चिकटला तर त्यात माती आहे. दगडाला जीभ लावणारी मुलगी बघून काठावरचे लोक हसायचे. हातोडीचा ठोका बरोबर बसला की दगड आतून ताजा, निळसर फुटायचा. त्या ठोक्यासारखा आनंद तिला पुढे कशात सापडला नाही. सिंधुबाई हे कुणाला सांगायच्या नाहीत, कारण लग्न झालेल्या, दोन मुलं झालेल्या बाईने असं सांगितलं की समोरचा तिच्या नवऱ्याकडे बघतो.

त्याच वर्षी पाण्याच्या शोधासाठी सरकारला माणसं हवी होती. सिंधूची निवड झाली. आणि त्याच महिन्यात लातूरहून स्थळ आलं. कंधारच्या घरी बैठक बसली. वडील मास्तर होते, म्हणाले, "तिच्या नोकरीला आमची ना नाही." होणारे सासरे म्हणाले, "आमची तरी कुठं आहे? आता जीपमधून परक्या गड्यांबरोबर रानोमाळ फिरायचं म्हणजे... पण तिचं तिला कळतं की." मग सगळे गप्प बसले. प्रत्येक जण आपापल्या कपातल्या चहाकडे बघत होता. कुणीच नको म्हटलं नाही. शेवटी तिनेच म्हटलं, "नोकरीचं तसं काही नाही." आणि चहा प्यायला सुरुवात झाली.

पुढे कधीही विषय निघाला की नवरा म्हणायचा, "तूच नको म्हणालीस की." ते खोटंही नव्हतं. सिंधुबाईंचा सगळा राग त्या खरेपणावर होता. ज्या मुलाला त्या नांदेडला एका खडकाचा दुसऱ्यापासून फरक समजावून सांगायच्या, तो आता नव्या जिल्ह्यात पाण्याचा साहेब होऊन आला होता. बाजारात भेटला की आदराने "सिंधुताई" म्हणायचा आणि जीपमध्ये बसून जायचा.

गाडी सुरू झाली. आधी मुरमाची पिवळी धूळ उडाली, मग काळ्या खडकाची पांढरट. सगळं पटांगण, कर्दळीची सुकलेली झाडं, अण्णांची टोपी पांढरी झाली. सिंधुबाई पायरीवर उभ्या राहून धुळीकडे बघत होत्या. धूळ म्हणजे कोरडा खडक. दुपार कलली तरी धूळच. मुख्याध्यापकांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग धुळीत लालसर झाक आली, भुकटीचे गोळे पडायला लागले, आणि पाइपाच्या तोंडातून चिखल उसळला. मागोमाग पाणी.

मुली वर्गांतून धावत आल्या. पंचशीलाने बादली लावली. पाणी गढूळ होतं, कोमट होतं, दातांखाली कचकचत होतं. सिंधुबाई ओंजळीत घेऊन प्यायल्या आणि पुन्हा एकदा प्यायल्या. त्या उन्हाळ्यात इतकं चांगलं काही त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. त्यांना रडायला येत होतं आणि संताप येत होता, आणि संतापाला ठेवायला कुठे जागा नव्हती.

अण्णांनी पंढरीला हार घातला. म्हणाले, "नारळ खोटं बोलत नाही."

"नारळ न्हाई बोलत अण्णा," पंढरी म्हणाला, "कवा कवा खालचं पाणीच खोटं बोलतंय."

"आणि बाईंचा हातगुण," अण्णा सिंधुबाईंकडे वळून म्हणाले. "मानलं पाहिजे."

बाईंनी मनाशी म्हटलं, हे वरच्या थरात साठलेलं पाणी आहे. चैत्रात आटेल. चैत्र आला, गेला. हापसा चालूच राहिला. त्यांनी स्वतःला ते कबूल करायला लावलं: एका बोरने काहीच सिद्ध होत नाही, नारळही नाही आणि सिंधूही नाही. ओढ्याकडच्या जागेत किती पाणी असतं हे आता कधीच कळणार नव्हतं, कारण तिथे कुणी भोक पाडलंच नव्हतं.

शाळा दिवसभर भरायला लागली. मधल्या सुट्टीत पंचशीला पुन्हा प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर चहा ठेवायला लागली, काचेच्या चंचुपात्रात, आणि दोघी तो खिडकीशी उभ्या राहून प्यायच्या. हे एक सुख परत मिळालं. नववीच्या गेलेल्या मुलींपैकी थोड्या परत आल्या. दोघींची लग्नं ठरली होती. त्यांच्या बापांना पाणी लागल्याचं कळलं होतं.

आणि हातगुणाची बातमी गावभर झाली.

पहिलं बोलावणं नव्या वसाहतीतून आलं. मग दुसरं. सासूबाई दानम्मा दारातल्या दारात पाहुण्यांना होकार द्यायच्या. "येईल की आमची सून. तिच्या हाताला गुणच हाय." सिंधुबाई शाळेतून यायच्या तोवर वार ठरलेला असायचा.

"अव्वा, मला विचारलं का?"

"अगं, वाईट का बोलवायलेत? मान देऊन बोलवायलेत. साडी देतेत."

नवरा भीमाशंकर बँकेतून येऊन पेपर वाचत बसलेला असायचा. त्याला भांडण आवडत नसे. "जाऊन ये ना," तो म्हणायचा. "तासाभराचं काम. काय बिघडतं?"

सिंधुबाई एकदा गेल्या. अण्णांच्या मेहुण्याच्या प्लॉटवर. तिथे पोचल्याबरोबर त्यांना दिसलं, की जागा उंचवट्यावर आहे, मुरूम जेमतेम हातभर, खाली सलग काळा पाषाण, कुठे भेगेची खूण नाही. त्यांनी मेहुण्याला बाजूला घेऊन सांगितलंही, "इथे नका घेऊ. खालच्या अंगाला, त्या बांधाजवळ घ्या." मेहुणा भला माणूस. "बाई," म्हणाला, "तुम्ही फक्त हात लावा. बाकीचं आमचं नशीब." त्यांनी हात लावला. संध्याकाळपर्यंत धूळ उडाली, सगळी पांढरी. बोर कोरडा गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेत आले. "बाई, त्या दिवशी तुमचं चित्त नव्हतं म्हणे," ते हसत म्हणाले. "मेहुणा सांगत होता. पूजा करता करता काहीतरी शंका काढत होत्या. मनात शंका असली की असं होतं."

शाळेचं पाणी लागलं ते नारळाने आणि हाताने. मेहुण्याचं लागलं नाही ते डोक्याने. सिंधुबाईंच्या शिक्षणाचा हिशेब या माणसाने एका वाक्यात चुकता केला होता, आणि वर चहा मागवला होता.

त्या रात्री जेवताना दानम्मांनी आणखी एका बोलावण्याचं सांगितलं. सिंधुबाईंनी भाकरी ताटात ठेवली.

"मी जाणार नाही. या घरी नाही आणि पुढे कुठेच नाही."

"अय्य शिवा," दानम्मा म्हणाल्या, "एक कोरडा गेला म्हणून एवढं का लागतं मनाला? पुढचा लागेल."

"लागला तरी जाणार नाही."

भीमाशंकर समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुला त्यांना नको म्हणायचं होतं, तर पहिल्याच दिवशी शाळेत म्हणायचं. तूच ताट घेतलंस."

"हो, मीच घेतलं. आणि कंधारलाही नोकरीचं मीच नको म्हटलं. तुम्ही सगळे फार चांगले आहात. तुम्ही कधीच काही सांगत नाही. तुम्ही फक्त गप्प बसता, माझ्याकडून ते बाहेर येईपर्यंत. मग म्हणता, तूच म्हणालीस."

पुन्हा ती शांतता आली. भीमाशंकर पाण्याच्या भांड्याकडे बघायला लागला, दानम्मा चुलीकडे. सिंधुबाई थांबल्या. या वेळी शांतता भरून काढायला त्यांनी एक शब्दही दिला नाही. भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि चावून चावून खाल्ला. शेवटी भीमाशंकरच म्हणाला, "मी निरोप पाठवतो त्यांना." आवाजात राग होता. सिंधुबाईंना तो चालला.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत चहा गाळता गाळता पंचशीला म्हणाली, "बाई, आमच्या वस्तीला हापसा मंजूर झालाय. परवा गाडी यायची."

"बरं झालं."

"साहेब आले न्हाईत बघायला. सांगावा धाडला, गाडी जाईल तिथं घ्या म्हणून. तुम्ही येता का?"

सिंधुबाईंचा चेहरा कडक झाला. "पंचशीला, तूही? पूजेला?"

"पूजा कशाला? आमच्यात न्हाई हो ते. जागा दाखवायला." तिने कप पुढे केला. "तुम्ही त्या सरांना मातीत रेघा ओढून दाखवत होता की हिवाळ्यात. मी हिकडून खिडकीतून बघत होते. मला समजलं होतं ते. ओढा सरळ जातो, का जातो. सरांना न्हाई समजलं."

सिंधुबाई कप हातात धरून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते इतक्या साध्या शब्दांत समोर आलं, आणि त्यांना आनंदाआधी भीती वाटली. शाळेचा बोर कोरडा गेला असता तर तो नारळाचा गेला असता. हा गेला तर त्यांचा जाणार. वस्तीतल्या बाया पाण्याला साखर कारखान्याच्या रस्त्यापर्यंत चालत जातात हे त्यांना माहीत होतं. पुन्हा मंजुरी कधी मिळेल, मिळेल की नाही, हेही माहीत होतं. नको म्हणणं अगदी सोपं होतं. साहेबांचं काम आहे, मला अधिकार नाही, एवढं म्हटलं की झालं. पंचशीला काही बोलत नव्हती, पण ती आपल्या कपात बघत नव्हती. सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"उद्याच येते," सिंधुबाई म्हणाल्या. "गाडीच्या आधी मला सगळं फिरून बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी त्या वस्तीभर फिरल्या, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालत गेल्या, दोन पडक्या विहिरींत वाकून बघितलं. एका विहिरीत पंचशीलाच्या नवऱ्याने दोर धरला आणि त्या उतरल्या. काठावर पोरं जमली. त्यांनी खडकाचा तुकडा काढून जिभेला लावला, तेव्हा पोरं हसली. बाईंनी हसू दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. रस्त्यालगत, समाजमंदिरासमोर, मोकळी जागा होती. गाडीवाला तिथेच थांबला. सिंधुबाई म्हणाल्या, "इथे नाही. मागे, त्या खोलगट भागात."

"पीछे कैसा जाएगा अम्मा? काटा है."

खरंच बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, तोडावं लागणार होतं. ज्याचं होतं तो व्यंकटी कुऱ्हाड घेऊन उभा होता, पण कुऱ्हाड उचलत नव्हता. "बाई, समाजमंदिराम्होरं का न्हाई? समद्यांना सोयीचं हाय."

"कारण तिथे खाली सलग खडक आहे. या दोन्ही विहिरींत मी बघितलं, एकाच बाजूच्या भिंतीला ओल आहे. ती रेघ त्या खोलगट भागातून जाते." त्यांनी काठीने मातीत रेघ ओढली. लोक वाकून बघायला लागले. "पाणी लागेलच असं मी म्हणत नाही. इथल्यापेक्षा तिथे लागण्याची शक्यता जास्त आहे, एवढं नक्की म्हणते."

पंचशीलाची सासू धुरपताबाई घागर कमरेवर घेऊन पुढे आली. "पंढरीला बी बोलवा की एकदा. त्याचा नारळ आन् बाईची रेघ, दोन्ही जुळलं तर लई बरं."

"आत्या," पंचशीला म्हणाली, "मग नारळ फोडून खाऊ आपण. जागा बाईच दाखवतील."

माणसं हसली. व्यंकटीने कुऱ्हाड उचलली. काटे तुटले, गाडी रेंगाळत मागे गेली, आणि सिंधुबाईंनी टाचेने मातीत खूण केली. चुना नव्हता. हळदकुंकूही नव्हतं.

गाडी सुरू झाली. पिवळी धूळ, मग पांढरी. बायका लांब उभ्या होत्या, पदर नाकाला लावून. धुरपताबाईने घागर खाली ठेवली आणि सिंधुबाईंच्या अगदी शेजारी येऊन उभी राहिली.

"बाई," ती धुळीतून ओरडून म्हणाली, "कोरडा गेला तर शिव्या तुम्हालाच देणार बघा आम्ही."

"मलाच द्या," सिंधुबाईही ओरडून म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला देऊ नका."